१९ मिलिमीटरचे आजोबा

आधी एक कबुली देऊन टाकते. मला रेल्वेचं वेड नाही. म्हणजे नव्हतं. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये बसून ऑम्लेट खाणं, एवढाच माझा आणि रेल्वेचा रोमान्स. त्यामुळे मागच्या डिसेंबरात ऑफिसमधल्या एका मुलाकडून चौदा हजारांना सेकंडहँड रेझिन प्रिंटर उचलून आणला, तेव्हा नवरोबांनी साहजिकच विचारलं, ‘‘याचं आपण करणार काय?’’ ‘‘स्टेशन,’’ मी म्हटलं. तो बिचारा अजून सांगतो, की त्याला ‘टेन्शन’ ऐकू आलं होतं. दोन्ही खरं निघालं.

झालं असं, की आई गेल्यावर बाबा सांगलीचं घर बंद करून आमच्याकडे बाणेरला राहायला आले. वय ७३, बँकेतून रिटायर, तब्येत ठणठणीत. पण माणूस बोलेचना. सकाळी फिरून यायचं, पेपर वाचायचा आणि मग टीव्ही लावून आवाज बंद करून बसायचं. विचारलं तर म्हणायचे, ‘‘तुमच्या मीटिंगा चालू असतात गं.’’ आता आमच्या मीटिंगा काही रात्री नऊलाही चालू नसतात (कधीकधी असतात!), पण ते उत्तर ऐकल्यावर पुढे काय बोलणार? घरात एक म्यूट बटण दाबलं गेलं होतं आणि रिमोट कोणाकडेच नव्हता.

एका रविवारी त्यांना कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नेलं. पुण्यात राहून ते पाहिलं नसेल, तर जाऊन या. १९९८ पासून तिथे एका हॉलमध्ये अख्खं छोटं गाव वसलंय. पूल, सिग्नल, धावणाऱ्या गाड्या, सगळं. बाबांनी ओळीने दोन शो पाहिले. बाहेर आल्यावर चप्पल घालता घालता म्हणाले, ‘‘आमचं स्टेशन यातल्या कुठल्याही स्टेशनाच्या चतकोर असेल.’’ एवढंच. पण रात्री त्यांनी स्वतःहून बॅगेतून एक पाकीट काढलं आणि त्यातला फोटो माझ्यापुढे ठेवला.

१९६१ चा फोटो. मिरज-पंढरपूर लाइनवरचं, सांगोल्याच्या अलीकडचं एक एवढंसं स्टेशन. कोट-टोपीतले आजोबा ताठ उभे. ते तिथे स्टेशनमास्तर होते. शेजारी हाफपँटमधले नऊ वर्षांचे बाबा, आजोबांच्या छातीला लागतील एवढे. मागे काळ्या दगडाची भिंत, एक दार, एक तिकिटाची खिडकी आणि वर पन्हाळी पत्रे. ही इमारत आज नाही. लाइन ब्रॉडगेज झाली त्या वेळी पाडली. बाबा त्यानंतर एकदाच तिकडे गेले होते आणि गाडीतून न उतरताच पुढे निघून गेले, हे मला आईने कधीतरी सांगितलं होतं.

त्या लाइनची गोष्ट मला तोवर ठाऊकच नव्हती. बार्शी लाइट रेल्वे! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनीअरने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची लाइन सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर करत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण ३२५ किलोमीटर. ‘लाइट’ याचा अर्थ शब्दशः हलकी. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, असा कॅलथ्रॉपसाहेबाचा फंडा. त्यामुळे रूळ हलके, खर्च कमी. याच माणसाने मग इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच लाइन केली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिची मॉडेल्स तिकडचे हौशी लोक प्रेमाने करत बसतात. आपल्या बार्शी लाइटचं मॉडेल मात्र मला कुठल्याही दुकानात मिळालं नाही. १९५४ मध्ये सरकारने ती कंपनीकडून घेतली, आषाढीला वारकऱ्यांनी खच्चून भरून ती पुढेही कित्येक वर्षं धावली आणि मग टप्प्याटप्प्याने तिचे रूळ उचलले गेले.

तेव्हा स्टेशन करायचं ठरलं. दुकानात मिळत नाही ना? मग छापू!

आता स्केल. मॉडेल रेल्वेत सगळ्यात जास्त चालतं ते एचओ, म्हणजे १:८७. एका फुटाचे साडेतीन मिलिमीटर. एचओचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात, ते परदेशातल्या स्टँडर्ड गेजचं माप. आपलं ब्रॉडगेज त्या हिशेबाने सव्वाएकोणीस हवं, म्हणून इथले मॉडेलवाले कायम थोडे हळहळत असतात. आमचं मात्र नशीब जोरावर. अडीच फुटी लाइन, ७६२ मिलिमीटर भागिले ८७, आलं ८.७६. आणि नऊ मिलिमीटरचे एन गेजचे रूळ सर्रास मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक कोण बघतंय? बॉस, हे जमल्यावर मला उगाचच वाटायला लागलं, की सगळं असंच सोपं असणार.

रेझिन प्रिंटर म्हणजे काय, हे आईला कसं समजावलं असतं याचा विचार करून सांगते. तळाला पारदर्शक पातळ फिल्म असलेली एक उथळ वाटी. तिच्यात मधासारखं पातळ रेझिन. खाली मोबाइलच्या स्क्रीनसारखाच एक एलसीडी आणि त्याखाली अतिनील दिवा. वरून एक धातूची प्लेट रेझिनमध्ये बुडते. स्क्रीनवर त्या थराचा आकार उमटतो, जिथे उजेड जातो तिथलं रेझिन दोन-तीन सेकंदांत घट्ट होतं आणि प्लेटला चिकटतं. प्लेट जरा वर, पुन्हा खाली, पुढचा थर. थराची जाडी ०.०५ मिलिमीटर. मॉडेल उलटं लटकत, वटवाघळासारखं वर येतं. प्लॅस्टिकच्या तारेवर चालणाऱ्या नेहमीच्या थ्रीडी प्रिंटरपेक्षा बारीक काम यात कितीतरी स्वच्छ येतं. आणि पन्हाळी पत्र्याच्या दोन लाटांमधलं अंतर एचओमध्ये एक मिलिमीटरही भरत नाही, तिथे हेच पाहिजे.

पहिली प्रिंट... काय सांगू! पावणेदोन तास वाट पाहिली. प्लेट वर आली ती कोरी, चकाचक. माझी भिंत वाटीच्या तळाशी फिल्मला धिरड्यासारखी चिकटून बसली होती. कारण कळायला तीन दिवस आणि पाव बाटली रेझिन गेलं. एक तर प्लेट लेव्हल केलेली नव्हती. दुसरं म्हणजे जानेवारी. बाल्कनी बंदिस्त असली तरी पहाटे तिथे हुडहुडी भरायची आणि थंडीत रेझिन जाड होतं. त्याला साधारण पंचवीस डिग्रीची ऊब लागते. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘‘खोबरेल तेलाची बाटली थंडीत काय करतेस?’’ मी बाटली कोमट पाण्यात ठेवली, प्लेट नीट बसवली, पहिल्या काही थरांना तीस-तीस सेकंद उजेड दिला आणि भिंत आली. बाबांनी त्या आठवड्यात मला उद्देशून उच्चारलेलं ते एकमेव अख्खं वाक्य होतं.

पुढच्या चुका पटापट सांगते, कारण त्या सगळेच करतात. मी अख्खी इमारत एकसंध खोक्यासारखी छापायला गेले. पोकळ खोकं रेझिनमध्ये बुडालं, की आत व्हॅक्यूम होतो, प्लेट वर जाताना प्रिंट फाटते. म्हणून चार भिंती वेगळ्या छापायच्या, कोपऱ्यांना पंचेचाळीस अंशाचा काट द्यायचा आणि मग जोडायच्या. भिंत प्लेटवर आडवी झोपवली, तर तळाची कड फुगते आणि दगडांची नक्षी पुसली जाते. ती तिरकी करून बारीक आधारांवर उभी करायची. भिंतीची जाडी दोन मिलिमीटर ठेवा, हौसेने बारीक केलीत तर पापडासारखी वाकडी होईल. आणि एक मजेशीर गोष्ट. वेळ लागतो तो उंचीला, संख्येला नाही. ३५ मिलिमीटर उंच म्हणजे ७०० थर, थराला नऊ सेकंद धरा, झाले पावणेदोन तास. तेवढ्याच वेळात प्लेटच्या रिकाम्या जागेत बाकडी, कंदील, वाळूच्या बादल्या, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, सगळं फुकटात निघतं. म्हणजे फुकटात नाही, रेझिन दोन-अडीच हजार रुपये किलो आहे. पण बायकांना ‘एकावर एक फ्री’चा आनंद वेगळा सांगायला नको!

पण खरा घोळ वेगळाच होता. मापं कुठून आणायची? इमारत नाही, नकाशा नाही, आहे तो एक फोटो. मी शक्कल लढवली. आजोबांची उंची बाबांना पक्की माहीत होती, पाच फूट सहा इंच. एचओमध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर. मग आजोबांनाच पट्टी केलं! फोटो स्कॅन केला, आजोबा टोपी सोडून सव्वाएकोणीसचे धरले आणि त्या प्रमाणात दार, खिडकी, भिंत सगळं मोजून कॉम्प्युटरवर काढलं. दर्शनी भिंतीची लांबी आली ११९ मिलिमीटर. माझ्या प्रिंटरची प्लेट १२० ची. बरोब्बर मावली! मी याला दैवी संकेत मानलं. इंजिनीअर असून.

महिनाभर वीकएंड घालवून इमारत उभी राहिली. राखाडी प्रायमर मारला, दगडांवर काळ्या रंगाचं पातळ पाणी फिरवलं, ते फटींमध्ये बसलं आणि भिंत एकदम खरी दिसायला लागली. रविवारी सकाळी चहाच्या ट्रेमध्ये ठेवून बाबांसमोर नेली. मनात बॅकग्राउंड म्युझिक वगैरे सुरू झालं होतं.

बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला, इमारत डोळ्यांजवळ नेली, फिरवून पाहिली. मग म्हणाले, ‘‘छान आहे. पण हे ते नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘खिडकी खाली आलीय. मी टाचा उंचावून आत बघायचो.’’

मला राग आला. खोटं कशाला सांगू? लहानपणी सगळंच उंच वाटतं, हे मी त्यांना जरा तोडूनच ऐकवलं. मापं काढलीत बाबा, अंदाजपंचे नाही केलं. ते ‘‘असेल, असेल’’ म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. आवाज बंदच. माझा महिना आणि आमचं तेवढंसं उघडलेलं दार, दोन्ही पाण्यात.

उत्तर मिळालं ते टीम लंचच्या फोटोत. त्या फोटोत मी माझ्या सहा फुटी मॅनेजरएवढी उंच दिसते. मी जेमतेम पाच-दोन आहे! पण मी पुढे उभी होते आणि तो मागे. हातातला घास हातात राहिला. आजोबा भिंतीला टेकून उभे नव्हते. ते व्हरांड्याच्या कडेला, भिंतीच्या पुढे उभे होते. म्हणून फोटोत ते भिंतीच्या मानाने मोठे दिसत होते आणि त्यांना पट्टी धरल्यावर मागचं सगळं लहान झालं होतं. घरी येऊन मॉडेलचं दार मोजलं. २०.८ मिलिमीटर, म्हणजे सहा फुटांपेक्षाही कमी. तेव्हाची दारं सात फुटी असायची. दार भिंतीतच असतं, ते पुढे येऊन फोटो काढत नाही! सात फुटांचे साडेचोवीस. अख्खं स्टेशन पंधरा टक्के बुटकं झालं होतं. फोटोग्राफर भिंतीपासून वीस फुटांवर उभा होता असं धरलं, तर आजोबा तीन फूट पुढे होते.

आणि खिडकी? माझ्या मॉडेलमध्ये तिचा कट्टा बारा मिलिमीटरवर होता, साधारण तीन फूट पाच इंच. खरा निघाला चौदावर, म्हणजे चार फूट. नऊ वर्षांच्या बाबांचे डोळे पावणेचार फुटांच्या आसपास.

म्हणजे टाचा उंचावाव्याच लागत होत्या.

मी बाबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. सॉरी म्हणायचं होतं, पण ते काही तोंडातून निघालं नाही. आकडेच सांगत बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘आत काय चाललंय ते दिसायचं नाही ना, म्हणून. डबा घेऊन जायचो मी. ड्युटीवर असताना ते बोलायचे नाहीत. डबा घ्यायचे आणि खिडकी लावून टाकायचे.’’

आता नव्याने सुरुवात. दर्शनी भिंत आता १४० मिलिमीटर, प्लेटमध्ये मावेना. मग दोन तुकडे केले आणि जोड नेमका पागोळीच्या पाइपामागे लपवला. सगळं जोरात चाललेलं असताना माझ्या बोटांना खाज सुटली. मग पुरळ, मग मनगटापर्यंत लाल चट्टे. स्किनच्या डॉक्टरांनी दोन प्रश्नांत निदान केलं. काँटॅक्ट डर्माटायटिस. न पिकलेलं रेझिन वारंवार कातडीला लागलं, की शरीर ते लक्षात ठेवतं. एकदा अ‍ॅलर्जी बसली, की पुढे थेंबभरही पुरतो आणि ही अ‍ॅलर्जी बहुधा जन्माची सोबत करते. चूक सर्वस्वी माझी. ग्लोव्ह्ज होते. पण आधाराच्या बारीक काड्या तोडताना बोटांना अंदाज येत नाही म्हणून मी ते काढून ठेवायचे, तेही धुतलेली प्रिंट पूर्ण पिकवायच्या आधी.

म्हणून हे तेवढं माझ्याकडून गंभीरपणे ऐका. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, प्रत्येक वेळी, साध्या डिशवॉशच्या पिवळ्या हातमोज्यांनी भागत नाही. डोळ्यांना चष्मा. खिडकी उघडी. प्रिंट धुवायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल भडकन पेट घेतं, ते गॅसपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब. आणि बाटलीवर ‘पाण्याने धुता येतं’ लिहिलंय म्हणून ते रेझिन सोज्वळ होत नाही. ते पाणीही बेसिनमध्ये ओतायचं नसतं. ट्रेमध्ये पसरून उन्हात ठेवायचं, उरलेलं रेझिन घट्ट झालं, की गाळून कचऱ्यात. ज्या घरात लहान मुलं रांगताहेत, तिथे हा छंद दोन-तीन वर्षं पुढे ढकललेला बरा.

मी प्रिंटर विकायला काढला. जाहिरातीसाठी फोटो काढत होते, तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले. ‘‘मला दाखव काय काय करायचं ते,’’ म्हणाले. ‘‘मी बत्तीस वर्षं कॅश मोजली. हात हलत नाहीत माझे.’’

तर मंडळी, मार्चपासून आमच्या घरात प्रिंटिंग डिपार्टमेंट बाबांकडे आहे. ग्लोव्ह्ज, मास्क, जुना अ‍ॅप्रन, असा सगळा सरंजाम चढवून ते बाल्कनीत जातात, काम संपेपर्यंत दार लावून घेतात. त्यांनी एक रजिस्टर घातलंय. लाल रेघा स्वतः मारलेल्या. ‘प्रिंट क्र. १४. छप्पर, डावा भाग. सुटली ९.४०. पोचली ११.२२. वाटेत खोळंबा नाही.’ क्रमांक १७ पुढे फक्त ‘अपघात’ असं लिहिलंय. मी हिंजवडीहून फाइल पाठवते, ती त्यांनी पेनड्राइव्हवर घेतली, की त्यांचा फोन येतो. ‘‘लाइन क्लिअर?’’ मी मीटिंगमध्ये असले तरी उठून बाहेर जाते आणि ‘‘लाइन क्लिअर’’ म्हणते. त्याशिवाय ते बटण दाबत नाहीत. टीममधल्या मुलांना वाटतं, ही काहीतरी डिप्लॉयमेंटची भानगड आहे.

दारं हिरवी होती, हे त्यांनीच सांगितलं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, मी तपकिरी लावणार होते. हिरव्याच्या चार छटा करून झाल्या, पाचवी पसंत पडली. एका संध्याकाळी पिकवलेल्या खिडकीच्या काड्या कात्रीने तोडता तोडता ते अचानक म्हणाले, ‘‘मी रेल्वेची परीक्षा द्यायला नाही म्हटलं आणि बँकेत लागलो ना, तेव्हा अण्णा दोन वर्षं माझ्याशी बोलले नव्हते.’’ मी काही विचारलं नाही. माझ्या हातात भिंगाचा दिवा होता, तो तसाच धरून उभी राहिले. मग म्हणाले, ‘‘उजेड जरा इकडे कर.’’

गेल्या शनिवारी स्टेशन पुरं झालं. तीन फुटी प्लायवर नऊ मिलिमीटरचे रूळ, खडीच्या जागी चाळलेली बारीक वाळू, एक बाभूळ. गाडी अजून नाही, ती पुढच्या बोनसला. आजोबांची मूर्ती मी फोटोवरून कॉम्प्युटरवर घडवली होती, ती बाबांनी छापली. टोपी सोडून सव्वाएकोणीस मिलिमीटर. शेजारी हाफपँटमधला मुलगाही. नवरा म्हणाला, खिडकीजवळ उभे करा, छान दिसतील.

बाबांनी ऐकलं नाही. स्टीलची पट्टी घेतली, भिंतीपासून पुढे मोजायला लागले. ‘‘तीन फूट म्हणालीस ना?’’

‘‘हो बाबा. साडेदहा मिलिमीटर.’’

पेन्सिलीने टिंब काढलं, गोंदाचा थेंब टाकला आणि आजोबांना चिमट्याने धरून त्या टिंबावर उभं केलं. मुलाला मात्र त्यांच्या शेजारी चिकटवलं नाही. त्याला खिडकीखाली नेलं, बराच वेळ न्याहाळलं आणि मला म्हणाले, ‘‘याच्या टाचा जमिनीला टेकल्यात. हा दुसरा करून दे.’’